सिड बॅरेटचा 'द मॅडकॅप लाफ्स' कसा ऐकायचा आणि कुठली आवृत्ती घ्यायची

पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड ऐकणारी मंडळी इंदूरच्या मराठी घरांत कमी नाहीत, पण त्यातले बहुतेक सगळे 'डार्क साइड'पासून सुरू होतात आणि 'द वॉल'ला संपतात, आणि ज्याने हा बँड उभा केला त्या सिड बॅरेटचं नाव निघालं की "तो वेडा झाला ना रे" एवढ्यावर विषय बंद. मग कोणीतरी उत्साहाने त्याचा पहिला सोलो अल्बम लावतो, तीन गाण्यांत कंटाळतो, आणि "भिया, हे तर बेसूर चाललंय" म्हणून सोडून देतो. तर हे लिहिणं त्या सोडून देणाऱ्यांसाठी आहे. अल्बम अवघड आहे हे खरं, पण ज्या घरात ख्याल ऐकला जातो तिथल्या कानाला तो खरं तर सोपा जायला पाहिजे, फक्त कुठून शिरायचं ते कळलं पाहिजे आणि हातात कुठली आवृत्ती आहे ते माहीत पाहिजे.

आधी थोडक्यात माहिती, कारण ती नसेल तर पुढचं कळणार नाही. सिडचं खरं नाव रॉजर कीथ बॅरेट, जन्म १९४६, केंब्रिज. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम १९६७चा, त्यातली बहुतेक गाणी याचीच. १९६८च्या एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर, एलएसडी आणि मानसिक प्रकृती या दोन्हींबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी पडत नाही. त्याच्या जागी आधीच डेव्हिड गिल्मोर आला होता. मे १९६८मध्ये मॅनेजर पीटर जेनरने त्याला अ‍ॅबी रोड स्टुडिओत नेलं, फारसं काही हाती लागलं नाही, मग वर्षभर शांतता. एप्रिल १९६९मध्ये हार्वेस्ट लेबलच्या माल्कम जोन्सने परत रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि शेवटी जून-जुलैमध्ये गिल्मोर आणि रॉजर वॉटर्स या जुन्या साथीदारांनीच ते पूर्ण करून दिलं, तेही पिंक फ्लॉइडच्या 'उम्मागुम्मा' अल्बमचं काम चालू असताना मधून वेळ काढून. २ जानेवारी १९७०ला अल्बम बाजारात आला. म्हणजे एकाच अल्बमवर सिडसकट पाच जणांचा हात निर्माता म्हणून फिरलाय, आणि ते ऐकू येतं, गाण्यागणिक खोली बदलल्यासारखी वाटते.

आता आवृत्तीचं.

सगळ्यात पहिली गोष्ट, गाणी मोजा. तुमच्याकडे जे काही आहे, एलपी, सीडी, फोनवरचं अ‍ॅप, त्यात तेरा गाणी असतील तर तो १९७०चा मूळ अल्बम, साधारण अडतीस मिनिटांचा. एकोणीस असतील तर ती १९९३नंतरची वाढीव आवृत्ती. १९९३मध्ये 'क्रेझी डायमंड' नावाचा तीन सीडींचा संच आला, त्यात सिडचे दोन्ही सोलो अल्बम आणि 'ओपेल' हा उरलेल्या रेकॉर्डिंगांचा संग्रह होता, आणि प्रत्येकाला शेपटासारखे जादा टेक, म्हणजे त्याच गाण्यांची वेगळी रेकॉर्डिंगं, जोडलेले होते. 'मॅडकॅप'ला सहा जोडलेत: 'ऑक्टोपस'चे पहिले दोन टेक एकत्र, 'इट्स नो गुड ट्राइंग'चा पाचवा, 'लव्ह यू'चा पहिला आणि तिसरा, 'शी टुक अ लाँग कोल्ड लुक'चा चौथा, आणि 'गोल्डन हेअर'चा पाचवा. माझं सरळ मत असं की घ्यायची तर हीच एकोणीसवाली घ्या. मूळ एलपी कलेक्टर लोकांसाठी ठीक आहे, परदेशातून मागवायची, कस्टम भरायचं, आणि आल्यावर कळायचं की कोपरा दुमडलाय, हा खर्च ऐकण्यासाठी करायची काही गरज नाही, कारण या अल्बमची खरी किल्ली त्या सहा जादा टेकमध्ये आहे आणि ते मूळ एलपीत नाहीतच.

एक सावधगिरी. २०१०मध्ये 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू सिड बॅरेट' नावाचा एक निवडक संग्रह आला, फ्लॉइडची आणि सोलो अशी दोन्हीकडची गाणी एकत्र, आणि त्यातली काही गिल्मोरने नव्याने मिक्स केलीत, 'हिअर आय गो'मध्ये तर त्याने बेस नवीन वाजवून घातलाय. अ‍ॅपवर शोधलं की बऱ्याचदा हाच संग्रह आधी वर येतो. ऐकायला गुळगुळीत आहे, पण मूळ गाणं आणि जादा टेक यांची आपण पुढे जी तुलना करणार आहोत तिच्यासाठी हा उपयोगाचा नाही. गाण्याच्या नावाखाली अल्बमचं नाव काय लिहिलंय ते बघूनच प्ले दाबा.

आणि ज्यांना एलपीवरच ऐकायचंय, कारण नवीन दाबलेल्या एलपी परत मिळायला लागल्यात, त्यांनी घरातला जुना प्लेयर काढण्याआधी सुई बघून घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरांत झाकणातच स्पीकर असलेला पेटीवाला प्लेयर माळ्यावर पडलेला असतो. त्याच्या हाताच्या टोकाला, जिथे सुई असते तिथे, बारीकशी पट्टी किंवा खुंटी असते, ती फिरवली की सुई उलटते, एका अंगाला ७८च्या तव्याची, दुसऱ्या अंगाला एलपीची. ७८ची सुई जाड असते, एलपीच्या बारीक खोबणीत ती नीट उतरतच नाही, वरवर घासत जाते, आवाज घोगरा येतो आणि खोबणी जाते ती जाते. शिवाय या जुन्या प्लेयरचा हात जड असतो, म्हणून नव्या महागाच्या एलपीवर तो रोज चालवू नका. आजोबांच्या खाँसाहेबांच्या एलपी त्याच्यावर पन्नास वर्षं वाजल्या म्हणून ही पण वाजेल, हे खरंय, पण त्या एलपींची आताची खरखर पण ऐका जरा.

फोनच्या स्पीकरवर मात्र हा अल्बम लावूच नका. यात कागद उलटल्याचा आवाज आहे, श्वास आहे, काचेतून पलीकडे काहीतरी बोलल्याचा आवाज आहे, आणि अर्धी गंमत तिथेच आहे. साधे तारवाले इयरफोन चालतील, महाग नकोत.

ऐकायचं कसं

पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ ऐकू नका, निदान पहिल्यांदा नाही. एलपीची दुसरी बाजू ज्याने सुरू होते त्या 'ऑक्टोपस'पासून सुरुवात करा, डिजिटलवर हे सातवं. नोव्हेंबर १९६९मध्ये सिंगल म्हणून आलेलं हेच, आणि अल्बमचं नावही याच्याच एका ओळीवरून पडलंय. जत्रेतल्यासारखं गरगरतं, शब्दांवर शब्द आपटतात, पण आकार पक्का आहे. यावरून कळतं की हा माणूस गाणं बांधू शकत होता, ते एकदा मनात बसलं की पुढच्या विस्कटलेल्या गाण्यांकडे बघायची नजर बदलते.

मग 'टेरापिन', अल्बममधलं पहिलं गाणं, पाच मिनिटांचं, संथ, गिटार आणि आवाज आणि जवळजवळ काहीच नाही. दुपारी जेवण झाल्यावर ऐका. मग 'गोल्डन हेअर', जेम्स जॉइसच्या एका छोट्या कवितेला लावलेली चाल, यात मागे एक सूर धरून ठेवल्यासारखा सतत चालू असतो आणि त्याच्यावर आवाज हळूच ठेवलाय, तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे गाणं समजावून सांगायला लागत नाही. माझ्या लेखी अख्ख्या अल्बमातलं सगळ्यात पूर्ण गाणं हेच.

इथपर्यंत आलात की थांबा, चहा घ्या, कारण आता मात्रा मोजायच्यात.

मोजायचं काम असं. 'नो गुड ट्राइंग' लावा, मूळ अल्बममधलं, दुसऱ्या नंबरचं. पाय धरून चार-चार मोजायचा प्रयत्न करा. थोडा वेळ जमतं, मग ओळ संपते आणि तुमचा पाय हवेत राहतो, कारण सिडने शब्द लांबले म्हणून मधेच मात्रा वाढवल्या किंवा ओळ आखूड होती म्हणून खाल्ल्या. ड्रम पण तुमच्यासारखेच अडखळतायत, नीट ऐका, ते मागून येऊन सम गाठायला धडपडतात. ड्रमवर रॉबर्ट वायट आहे, बरोबर ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज, म्हणजे सॉफ्ट मशीन या बँडची मंडळी, कच्ची पोरं नव्हेत. मग असं का? तर सिडने गिटार आणि आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि यांना मे १९६९मध्ये बोलावून त्या तयार टेपवर वाजवायला लावलं. एरवी स्टुडिओत ताल आधी रेकॉर्ड होतो आणि त्याच्यावर गायक गातो. इथे उलट. म्हणजे समजा गायक मनाला येईल तिथे ठाय-दुगुन करत गाऊन घरी निघून गेला, आणि तबलजीला नंतर सांगितलं की बस, आता याच्यावर ठेका लाव. वायटने नंतर सांगितलंय की आम्ही सिडला विचारायचो हे कुठल्या पट्टीत आहे, तर तो म्हणायचा "हो".

आता लगेच वाढीव आवृत्तीतला त्याच गाण्याचा पाचवा टेक लावा. बँड नाही. आणि बघा काय होतं, तीच वेडीवाकडी लय एकदम शहाणी वाटायला लागते. ओळ जितकी तितकी लय, श्वास संपला की वळण, कुठेच काही अडखळत नाही कारण अडखळायला दुसरं कोणी नाहीच. हे दोन टेक एकामागोमाग, पाहिजे तर दोन-तीनदा आलटून पालटून ऐकणं हाच या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे, बाकी कुणाला वेळ नसेल तर निदान एवढं करा. मला तरी यातून असं दिसतं की लोक ज्याला सिडचं भरकटणं म्हणतात त्यातलं निदान अर्धं हे साथ नंतर चिकटवल्यामुळे ऐकू येणारं भरकटणं आहे.

पटत नसेल तर उलट तपासणी पण याच अल्बमात आहे. 'नो मॅन्स लँड' आणि 'हिअर आय गो' या दोन गाण्यांत जेरी शर्ली ड्रमवर आणि विली विल्सन बेसवर, आणि हे दोघं सिडसमोर बसून त्याच्याबरोबरच वाजवत होते. तिथे लय बघा कशी घट्ट आहे, 'हिअर आय गो' तर एखाद्या जुन्या नाटक कंपनीतल्या विनोदी पदासारखं टुणटुण चालतं. सिडने 'नो गुड ट्राइंग'ची गिटार आणि आवाज रेकॉर्ड केला तोच हा महिना, एप्रिल १९६९, माणूस तोच. समोर साथ असली की जमायचं.

'लव्ह यू'चे जादा दोन टेक पण असेच मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐका, लयीकडे लक्ष द्या, प्रत्येक वेळी गाण्याचा स्वभावच वेगळा निघतो. रॉक ऐकणाऱ्यांना याचं फार आश्चर्य वाटतं, की एकच गाणं हा माणूस दोनदा सारखं वाजवू शकत नव्हता, आणि त्याच्या आजाराचा पुरावा म्हणून हे सांगितलं जातं. इंदूरच्या माणसाला का आश्चर्य वाटावं? अमीर खाँसाहेबांचा मारवा एलपीवर एक, मैफिलीत दुसरा, आणि कोणी असं म्हणत नाही की त्यांना आठवत नव्हतं. देवासला कुमारजींकडे जाऊन आलेले जुने लोक अजून आहेत, त्यांना विचारा की तीच बंदिश दोनदा सारखी ऐकली का कधी. आता सिड काही ख्याल गात नव्हता, त्याच्यामागे तेवढी तालीम पण नव्हती, आणि त्याची तब्येत खरोखर बिघडत होती हे कोणी नाकारत नाही. पण "सारखं नाही म्हणून चुकलं" हा हिशोब आपला नाही, एवढंच.

शेवटाकडची तीन गाणी राखून ठेवा

'शी टुक अ लाँग कोल्ड लुक', 'फील', 'इफ इट्स इन यू'. ही तीन एलपीवर ओळीने येतात आणि इथेच नवखे लोक अल्बम बंद करतात. जुलै १९६९मध्ये गिल्मोर आणि वॉटर्सने एका बैठकीत जी काही गाणी उरकली त्यातली ही. वेळ संपत आलेला, कंपनी मागे लागलेली, सिड एकटा गिटार घेऊन. 'शी टुक'मध्ये मधेच तो थांबतो, कागद उलटतो, परत सुरू करतो. 'इफ इट्स इन यू'मध्ये सुरुवातच मोडते, आवाज चढतच नाही, तो चिडतो, काहीतरी पुटपुटतो, आणि हे सगळं त्यांनी अल्बमात तसंच ठेवलं.

ठेवायला हवं होतं का? यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. माल्कम जोन्सने नंतर या रेकॉर्डिंगांवर छोटं पुस्तक लिहिलं त्यात तो नाराज आहे, त्याच्या मते याच्यापेक्षा चांगलं साहित्य हाताशी होतं आणि सिडला असं उघडं पाडायला नको होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की त्या वेळी तो जसा होता तसा दाखवला. मी जोन्सच्या बाजूने आहे. मैफिलीत गायकाचा सूर घसरला तर समोरचे लोक माना खाली घालतात, टेप परत परत वाजवून दाखवत नाहीत. तरी ऐकायचं कसं ते सांगतो: ही तिन्ही गाणी पहिल्या दिवशी ऐकूच नका. बाकीचा अल्बम ओळखीचा झाला, 'डार्क ग्लोब' हे दोन मिनिटांचं एकट्याचं गाणं दोनचारदा ऐकून झालं, त्यातला तो ओरडून वर जाणारा आवाज अंगावर येईनासा झाला, की मग ही तिन्ही सलग ऐका. आणि नंतर जादा टेकमधला 'शी टुक'चा चौथा टेक. आणि त्याच्यावर उतारा म्हणून 'लेट नाइट', अल्बमचं शेवटचं गाणं, ज्याचं वाद्यांचं रेकॉर्डिंग मे १९६८चं म्हणजे जेनरच्या त्या फसलेल्या बैठकांमधलं, आणि आवाज पुढच्या वर्षीचा. स्लाइड गिटार ऐका त्यात.

घरी चारचौघांना ऐकवायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्या बैठकीला चारपाच गाणीच लावा, त्यातली दोन तरी दोन-दोन टेकमध्ये, आणि टेक लावायच्या आधी काही सांगू नका, कुठला आवडला ते विचारा. शास्त्रीय ऐकणारे काका-मावशी असतील तर फार बरं, ते शब्दांच्या मागे जात नाहीत, सरळ लयीवर बोट ठेवतात. एका बैठकीत एक काका 'नो गुड ट्राइंग' ऐकून फक्त एवढंच म्हणाले, "अरे, तबलजीला कोणी ढकललंय याच्या मागे", त्यांना वायटचं नावही माहीत नव्हतं. इंग्रजी शब्दांचे कागद छापून वाटू नका, त्याने लोक वाचत बसतात. आणि "वेडा होता" ही गोष्ट शेवटी सांगा, आधी सांगितली की सगळ्यांना सगळीकडे तेच ऐकू येतं. खायला सेव ठेवणार असाल तर गाण्याच्या मधे ठेवा, चालू असताना नाही, कुरकुर ऐकू येते आणि हा अल्बम आधीच कागदाच्या आवाजाने भरलेला आहे.

मुखपृष्ठ पण दाखवा, ते हिप्नॉसिस या डिझाइन करणाऱ्या मंडळींचं आहे, फोटो मिक रॉकचे, सिड लंडनमधल्या स्वतःच्या खोलीत उकिडवा बसलाय आणि लाकडी जमिनीच्या फळ्या त्याने स्वतः एकाआड एक रंगवल्यात. फोनवरच्या नखाएवढ्या चित्रात फळ्या दिसत नाहीत, झूम करा.

यानंतर पुढे काय, तर त्याचा दुसरा अल्बम 'बॅरेट', तो पण १९७०चाच, नोव्हेंबरमधला, तो जास्त नीटनेटका आणि मला जरा कमी आवडतो. त्याआधी १९८८चा 'ओपेल' ऐका. त्यात 'क्लाउन्स अँड जगलर्स' नावाचं गाणं आहे, ते म्हणजे आपलं 'ऑक्टोपस'च, आधीच्या नावाने आणि सॉफ्ट मशीनच्या साथीसह, आणि 'डार्क ग्लोब'चं पण वेगळं रूप त्यात आहे 'वुडन्ट यू मिस मी' या नावाने. तिथेही तेच करायचं, मूळ आधी, मग हे, आणि पाय चालू ठेवायचा.